टपाली मतं मोजतात का? हो, मी त्या टेबलावर बसले आहे

तुमचे प्रश्न तीन आहेत: टपाली मतपत्रिका कशा तपासतात आणि मोजतात, विजयाचा फरक मोठा असेल तर त्या उघडतच नाहीत हे खरं का, आणि दुबईत राहून तुम्हाला असं मत देता येईल का.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो वाचून मला राग आला. ते खोटं आहे. साफ खोटं. फरक चाळीस मतांचा असो की चाळीस हजारांचा, टपाली मतं मोजतातच, आणि सगळ्यांत आधी मोजायला घेतात. सकाळी आठला पहिलं पाकीट फुटतं ते टपालीचं. मशिनं त्यानंतर अर्ध्या तासाने. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. मतदान केंद्रावरच्या ड्यूट्या बऱ्याच केल्या, पण एका विधानसभेला माझी ऑर्डर मतमोजणी सहायक म्हणून निघाली आणि टपालीचं टेबल मिळालं. वर्ष आणि तालुका सांगत नाही. त्याला कारण आहे, ते पुढे येईल.

कुठलं टेबल मिळणार हे आदल्या दिवशीही कळत नाही. पहाटे पाच वाजता यादी लागते. मोबाईल बाहेर जमा. आठ वाजायच्या आत निवडणूक निर्णय अधिकारी मतदानाच्या गुप्ततेचं कलम १२८ सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवतात. गुप्तता मोडली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मी ते ऐकताना ताठ बसले होते. पोस्टातून शेवटची पाकिटं येतात तीही आठच्या आत. आठनंतर आलेलं पाकीट कुणाचंही असो, ते उघडत नाहीत.

एका टेबलाला जास्तीत जास्त पाचशे पाकिटं. पर्यवेक्षक, आम्ही दोघं सहायक, एक सूक्ष्म निरीक्षक, डोक्यावर एक सहायक निवडणूक निर्णय अधिकारी, म्हणजे आमच्या टेबलाचे साहेब, आणि जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी. प्रत्येक कागदाला नमुन्याचा क्रमांक असतो. मोठं पाकीट म्हणजे तेरा सी. त्यात दोन गोष्टी हव्यात: मतपत्रिका असलेलं बंद लहान पाकीट, म्हणजे तेरा बी, आणि तेरा ए म्हणजे घोषणापत्र. ड्यूटी केलेल्या कुणालाही हे पाठ असतं. आधी फक्त घोषणापत्र बघायचं. ते नसेल, त्यावर मतदाराची सही नसेल, साक्षांकन, म्हणजे ती सही मतदाराचीच आहे असं सांगणारी अधिकाऱ्याची सही, नसेल, किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा अनुक्रमांक लहान पाकिटावरच्या अनुक्रमांकाशी जुळत नसेल, तर लहान पाकीट उघडायचंच नाही. आतलं मत कितीही नीट दिलेलं असो.

किती जण घोषणापत्र लहान पाकिटात मतपत्रिकेबरोबरच घालून चिकटवून टाकतात! पाकीट हाताला जाड लागतं, आत कागद आहे हे कळतं, पण उघडता येत नाही. माझ्या हातून अशी पाकिटं गेली तेव्हा प्रत्येक वेळी पोटात कालवलं. हे सगळे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस. मतदानाच्या दिवशी इतरांचं मत नीट पडावं म्हणून राबलेली माणसं.

साडेनऊच्या सुमाराला मी एक घोषणापत्र उलगडलं आणि अक्षर ओळखलं. वरचं नाव वाचायच्या आधी ओळखलं. आमच्या शाळेतले गणिताचे सर. फळ्यावर त्यांनी लिहिलेलं पुसायला मुलं कचरतात इतकं वळणदार अक्षर. नाव, पत्ता, अनुक्रमांक सगळं बरोबर. स्वतःची सही ठसठशीत. खालचा साक्षांकनाचा भाग मात्र कोरा. अधिकाऱ्याची सही नाही, पदनाम नाही, काही नाही.

मी कागद पालटून बघितला. पाठीमागे काही असणार नव्हतं, तरी बघितलं. पर्यवेक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तो पुढे सरकवला. जाळीपलीकडून एक प्रतिनिधी म्हणाला, "अहो मॅडम, शिक्षकाचं मत आहे, घ्या की." दुसरा लगेच म्हणाला, "नियम म्हणजे नियम." साहेबांनी कागद दोघांना दाखवला, बाद असा शेरा मारला, लहान पाकीट न उघडता घोषणापत्रासकट परत मोठ्या पाकिटात गेलं आणि बादच्या गठ्ठ्यात बसलं. दोन मिनिटांचं काम. पुढचं पाकीट हातात घेतलं तेव्हा माझे हात थरथरत होते.

त्या मतमोजणीत मला सगळ्यांत जास्त अभिमान वाटतो तो यानंतरच्या पायरीचा. योग्य ठरलेली सगळी घोषणापत्रं एका पाकिटात घालून सीलबंद करतात, आणि ते सील लागल्यावरच लहान पाकिटं उघडायला घेतात. म्हणजे नाव असलेला कागद आणि मत असलेला कागद एकाच वेळी उघडे कधीच नसतात. "टपाली मत कुणाला दिलं ते साहेबांना कळतं" असं म्हणणाऱ्याने ही पायरी एकदा डोळ्यांनी बघावी.

मग मतपत्रिका. एकापेक्षा जास्त उमेदवारांपुढे खूण, बाद. खूणच नाही, बाद. मतदार ओळखू येईल असं काही लिहिलं, बाद. यात आमच्या नोकरदार लोकांची खोड नडते. कागद दिसला की खाली सही ठोकायची. मतपत्रिकेवर सही केली की मत गेलं. पण खूण पुसट आहे, किंवा त्याच उमेदवारापुढे दोनदा केली आहे, आणि कल स्पष्ट दिसतोय, तर तेवढ्यावरून मत बाद करता येत नाही. आमच्या टेबलावर असं एक मत प्रतिनिधींचा आरडाओरडा होऊनही साहेबांनी ग्राह्य धरलं, आणि बरोबर केलं.

त्या मतदारसंघात फरक हजारांत होता. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. मधल्या सुट्टीत सर चहाचा कप ठेवत म्हणाले, "आपली पोस्टल मतं रद्दीत गेली. एवढा फरक असल्यावर मोजतंय कोण?" सगळे हसले. मी डबा उघडून खाली मान घालून जेवले. काय सांगणार? सर, मोजली, तुमचं सोडून? ज्याचं त्याला सांगायला हरकत नाही असं कुणी वकील म्हणेलही. पण त्या हॉलमध्ये कलम ऐकून बसले होते, तिथलं एकही नाव बाहेर आणायचं नाही हे मी मनाशी ठरवलं होतं. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीला ते तेच बोलले आणि दर वेळी मी वाद घातला, पण पुरावा न देता. "तुम्ही फार नियमाच्या बाई, कागदी घोडे नाचवणाऱ्या," असं ते मला सगळ्यांसमोर म्हणाले. आणि हेच सर मुलांनी उत्तरापुढे चौसेमी लिहिलं नाही की अर्धा गुण कापत. तो अर्धा गुण मला कधी चूक वाटला नाही. मग घोषणापत्रावरची सही कशी काय किरकोळ होते?

टपाली मतांनी काही फरक पडत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा देते. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. मशिनांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपालीत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. खासदार टपालीच्या टेबलावर ठरला. गुजरातमध्ये धोळका मतदारसंघात २०१७ साली फरक ३२७ मतांचा होता आणि बाद केलेली टपाली मतं ४२९. गुजरात उच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती निवडणूकच रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने मग त्या निकालाला स्थगिती दिली. फरकापेक्षा बाद टपाली मतं जास्त असतील तर निकाल जाहीर करण्याआधी ती पुन्हा तपासायची, असा आयोगाचा नियम आहे. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आयोगाने असंही सांगितलं की टपालीची मोजणी संपल्याशिवाय मशिनांची शेवटून दुसरी फेरी घ्यायची नाही. ही चांगली गोष्ट झाली.

आता सरांच्या बाजूनेही बोलायला हवं. त्या वर्षी दुसऱ्या ट्रेनिंगला साक्षांकनाला एकच अधिकारी बसवला होता. रांग मांडवाबाहेर गेलेली, वर ऊन, आणि ड्यूटीचं साहित्य कुठे मिळणार याचा पत्ता नाही. कंटाळून कितीतरी जणांनी पाकीट तसंच पेटीत टाकलेलं मी पाहिलं. ज्यांनी ती व्यवस्था लावली त्यांचीही चूक होती, आणि मोठी होती. पेटीशेजारी एक माणूस उभा करून "सही झाली का?" एवढं विचारायला लावलं असतं तरी पुष्कळ मतं वाचली असती. शिवाय ओळख पटवून मतपत्रिका हातात देणारा अधिकारी समोरच असताना वेगळं साक्षांकन हवंच कशाला, हेही मला पटलेलं नाही. पण नियम आहे तोवर तो पाळायचा. २०२३ पासून ड्यूटीवरच्या मतदारांनी सुविधा केंद्रातच, म्हणजे त्यांच्यासाठी लावलेल्या खास मतदानाच्या जागीच, मत द्यायचं असं केलंय, मतपत्रिका घरी न्यायची नाही. मला ते पटतं.

मी सांगितलं ते मुख्यतः ड्यूटीवरच्या लोकांच्या मतांचं. सैनिकांची मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते आणि पोस्टाने परत येते, तिथे मोजणीच्या आधी क्यूआर कोड स्कॅन करतात. ८५ वर्षांवरचे आणि ४० टक्क्यांहून कमी नाही एवढं अपंगत्व असलेले मतदार बारा डी हा अर्ज भरून घरून मत देऊ शकतात, त्यांच्याकडे पथक येतं.

तुमचं म्हणाल तर, दुबईहून टपाली मत देता येत नाही. सहा ए हा अर्ज भरून परदेशस्थ मतदार म्हणून नाव लावा, पण मतदानाला पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावरच यावं लागेल. हा अन्याय आहे असं माझं मत आहे, पण आज तरी असंच आहे.

२०२४ च्या विधानसभेला सुविधा केंद्रात मी मुद्दाम सरांच्या मागे उभी राहिले. ती त्यांची शेवटची निवडणूक, पुढच्या वर्षी निवृत्ती होती. त्यांनी घोषणापत्र भरलं, तेच अक्षर, आणि पाकीट चिकटवायला घेतलं. मी खालच्या कोऱ्या भागावर बोट ठेवलं. "सर, इथली सही राहिली."

ते चिडले. "पाहा, आलात नियम घेऊन." पण गेले. टेबलापाशी थांबून सही घेतली, शिक्का उमटला तो वाळेपर्यंत फुंकर घातली, मग पाकीट बंद केलं आणि पेटीत टाकलं.