प्रूफ म्हणजे पुरावा नव्हे

सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या एका मित्राने विचारलं: रमच्या बाटलीवर '42.8% व्ही/व्ही' असतं आणि शेजारीच '75° प्रूफ'. मग दारू नक्की किती टक्के? आणि हा पुरावा कशाचा?

टक्के 42.8च. शंभर मिलीत 42.8 मिली शुद्ध मद्यार्क. 'व्ही/व्ही' म्हणजे आकारमानाच्या हिशोबाने. मद्यार्क पाण्याहून हलका असल्यामुळे वजनाने काढलं तर हाच आकडा 36च्या आसपास येतो.

खरा घोळ 75चा. इथलं प्रूफ म्हणजे कसोटी. जुन्या इंग्लंडात दारूवरचा कर तिच्या कडकपणावर ठरे, आणि तो बघायला बंदुकीची दारू प्यायच्या दारूत भिजवून पेटवत, असं सांगतात. (दारूने दारूची परीक्षा, ही गंमत मराठीतच! मूळ फारसी दारू म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त ते अजून शिल्लक आहे.) पेटली तर माल कसाला उतरला, पाणी जास्त असलं तर फुसका बार. पुढे 1816 साली साइक्सचा हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं उपकरण) कायद्याने आला आणि जाळून बघायची गरज संपली, शब्द मात्र राहिला.

तर कसाला उतरलेली दारू म्हणजे 100 प्रूफ, टक्क्यांत साधारण 57.1. त्याचं पाऊण काढा: 75 प्रूफ, 42.8 टक्के. '25 अंडर प्रूफ' लिहिलेलं दिसलं तर तेही हेच, कसाच्या 25 अंश खाली. ब्रिटनने ही पद्धत 1980 साली सोडली, आपण धरून बसलोय. अमेरिकेचं प्रूफ आणखी निराळं, टक्क्यांच्या सरळ दुप्पट. म्हणजे तिकडची '80 प्रूफ' 40 टक्क्यांची, आपल्या 75वाल्या रमपेक्षा सौम्यच.

विट्याच्या माणसाला खरं तर हे सांगायलाच नको. गावोगावी पसरलेले आपले तिथले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, 22 कॅरेट आणि 916 एकाच दमात बोलतात. सोनं तेच, मोजायची पट्टी वेगळी. म्हणूनच प्रूफला मराठी शब्द हवा असेल तर मी त्यांचाच 'टंच' (सोन्याची शुद्धता) सुचवेन. 'पुरावा' तर नकोच, आणि 'तीव्रता' फार पुस्तकी वाटतो.

आकडा न घालता मोजायची सोय मराठीत आधीपासून आहेच: 'पहिल्या धारेची'. मद्यार्क 78 अंशाला उकळतो, पाणी 100ला. भट्टीवर आधी मद्यार्कच जास्त उतरतो, पाणी मागाहून. पहिल्या धारेला टंच जास्त, तो असा.