केन नॉर्डिन ऐकायचाय? मग ‘कलर्स’पासून

जॅझच्या साथीवर गाण्याऐवजी नुसतं बोलणाऱ्या, शिकागोच्या केन नॉर्डिनचा (१९२०–२०१९) आवाज पहिल्यांदाच ऐकणार असाल, तर १९५७ चा ‘वर्ड जॅझ’ हा अल्बम थोडा थांबू द्या. आधी त्याचाच ‘कलर्स’ हा अल्बम लावा. रंगाच्या कंपनीसाठी केलेल्या रेडिओ जाहिरातींतून ही कल्पना वाढली. तुकडे जेमतेम दीड-दीड मिनिटाचे. ‘वर्ड जॅझ’ला मात्र हेडफोन हवाच, मोबाइलच्या स्पीकरवर फ्रेड कॅट्झचा चेलो (मोठं, खर्जातलं तंतुवाद्य) आणि नॉर्डिनचं पुटपुटणं दोन्ही हरवतं.

असं साथीवर बोलणं स्वतः करून बघताना माइक वीतभर लांब, तोंडाच्या किंचित बाजूला ठेवा. फार जवळ गेलात की खर्ज फुगतो, प-फ-भ फुटतात. तालावर वाचू नका (कविसंमेलनाची सवय इथे नडते). वाक्य ठोक्यामागे रेंगाळू द्या. साथीला चेलो असेल तर तो पुरुषी आवाजाच्याच पट्टीत येतो, म्हणून मिक्स करताना चेलोचा आवाज कमी ठेवा.