जुने लेख परत उघडायचे का?

प्रश्न : एका लेखनाच्या वेबसाइटवर बरीच वर्षं लिहितेय. पूर्वी गूगलवर वर दिसणारे माझे लेख आता कुठच्या कुठे खाली गेलेत, वाचक पण आटलेत. मैत्रीण म्हणते, जुने लेख थोडे एडिट कर, तारीख नवी टाक, रँकिंग वर येतं. खरंच येतं का? आणि सगळेच लेख परत लिहीत बसले तर नवीन कधी लिहू?

उत्तर : एडिट करायचं हे मैत्रिणीचं बरोबर आहे, पण तारखेची युक्ती सोडा. गूगलने लेखकांसाठी दिलेल्या सूचनांमध्ये हा प्रश्न चक्क छापलेला आहे की मजकुरात फारसं काही न बदलता पान ताजं वाटावं म्हणून तुम्ही तारीख बदलताय का, म्हणजे ही चलाखी त्यांना पाठ आहे. ताजेपणाला भाव असतो तो जिथे माहितीच बदलत राहते तिथे, म्हणजे नियम, भाव, मोबाइलची मॉडेल्स वगैरे.

सगळे लेख तर अजिबात उघडू नका! साइट स्वतःची असेल तर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या फुकट टूलमध्ये, मागच्या १६ महिन्यांचा डेटा दिसतो, कुठले शब्द टाकल्यावर लेख दिसला, किती जणांनी क्लिक केलं, सरासरी कितवा नंबर. दुसऱ्याच्या साइटवर लिहीत असाल तर तिथल्या आकडेवारीच्या पानावर जे मिळेल ते बघा. जे लेख आठव्या ते विसाव्या नंबरच्या आसपास घुटमळतायत ते आधी घ्या, कारण ते थोडक्यात अडकलेले असतात. पार तळाला गेलेल्यांवर जीव काढण्यात अर्थ नाही. आणि हो, तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, काही विषयांना सीझनच असतो.

आता एडिट म्हणजे काय ते सांगतो. समजा लेखाचं नाव आहे ‘माझी हिरवी दुनिया’ आणि लोक येतायत ते ‘कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी का पडतात’ हे शोधत. पहिले तीन परिच्छेद बागेच्या प्रेमाचे, आणि पाणी जास्त होतंय, कुंडीचं भोक बुजलंय हे खरं उत्तर सातव्या परिच्छेदात, तिथवर माणूस टिकतोय कशाला! शीर्षकात पानांचा प्रश्न आणा, उत्तर वर घ्या, पिवळं पान खालचं आहे की वरचं यावरून कारण कसं ओळखायचं ते स्वतःच्या अनुभवातून घाला, फोटो स्वतःचे टाका, मेलेल्या लिंका काढा. बागेचं प्रेम खाली राहू दे, ते पण वाचणारे असतात. फक्त लेखाची लिंक बदलू नका, नाहीतर बाहेरून त्या पत्त्यावर येणारे वाचक हवेत जातात.

एक कटू गोष्ट पण आहे. कधीकधी दोष लेखाचा नसतोच. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलचं पांडा अपडेट (निकालांचा क्रम लावायच्या पद्धतीतला मोठा बदल) आलं तेव्हा सगळ्यांचे लेख एकत्र ठेवणाऱ्या बऱ्याच साइट्स खाली गेल्या, चांगलं लिहिणारेही त्यात भरडले गेले, आणि त्याच वर्षी हबपेजेस या अशाच एका साइटने प्रत्येक लेखकाला वेगळा सबडोमेन, म्हणजे त्याच साइटखाली स्वतःचा वेगळा पत्ता, देऊन टाकला, एकाच्या लेखांचा फटका दुसऱ्याला बसू नये म्हणून. ऑगस्ट २०२२ च्या हेल्पफुल कंटेंट अपडेट या गूगलच्या तशाच बदलामध्येही अख्ख्या साइटचा दर्जा बघितला जात होता. त्यामुळे शेजारी भाराभर फालतू लेख असतील तर तुमच्या एडिटिंगला मर्यादा आहे, अशा वेळी चांगले लेख स्वतःच्या साइटवर न्यायचा विचार करा असं माझं स्पष्ट मत.

प्रश्न : कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर शोधतात तो शब्द, लेखात किती वेळा टाकायचा? आणि एडिट केल्यावर फरक कधी दिसतो?

उत्तर : मोजून टाकायचाच नाही. तोच तोच शब्द कोंबणं गूगलच्या स्पॅमच्या नियमांत बसतं, आणि मेटा कीवर्डचा रकाना (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी) आम्ही वापरतच नाही हे त्यांनी २००९ मध्येच सांगून टाकलंय. फरक दिसायला कधी काही दिवस तर कधी काही आठवडे लागतात, गूगलने पान परत वाचल्याशिवाय काहीच हलत नाही. तोवर रोज उठून नवीन बदल करू नका, कशाने काय झालं ते कळणारच नाही. एडिट करण्याआधी जुन्या मजकुराची कॉपी मात्र नक्की ठेवा, नंबर घसरला तर परत टाकता येते.