इंग्रजीच्या वर्गात पहिल्यांदा उभं राहताना

कर्नाटकातल्या खानापूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला रुजू होतोयस, तर आधी मुलांना बोलतं कर. बरीचशी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असतात. घरी मराठी, कचेरीत कन्नड, परीक्षेत इंग्रजी. तीन भाषा पेलणारी ही पोरं हुशार आहेत, फक्त इंग्रजीत तोंड उघडायला बिचकतात.

चूक कुठून येते ते ओळख. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ असली उपपदं मराठीत नाहीत, कन्नडमध्येही नाहीत, म्हणून ती गळतात. ‘आय डिड नॉट वेन्ट’ लिहिणाऱ्याला नुसती लाल रेघ मारू नकोस. ‘मी गेलो नाही’ म्हणताना आपलं क्रियापदच भूतकाळ दाखवतं. इंग्रजीत ते काम ‘डिड’ करून मोकळा होतो, म्हणून पुढे ‘गो’. हे त्याच्याच वाक्यावरून फळ्यावर दाखव. आणि कविता गाईडमधून नको, दोनदा मोठ्यानं वाच. मागचा बाकसुद्धा मान वर करतो, हे मी निवृत्तीपर्यंत पाहिलंय.

नेट किंवा के-सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची देशपातळीवरची किंवा कर्नाटकची पात्रता परीक्षा, राहिली असेल तर आधी ती उरक. गेस्ट लेक्चरर म्हणून वर्षं कशी निघून जातात कळत नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठ बेळगावात २०१० साली झालं, त्याआधी आम्हाला विद्यापीठाच्या प्रत्येक कामाला धारवाड गाठावं लागे. तुला बेळगाव जवळ आहे, पीएचडी लांबवू नकोस.

कन्नड लिहा-वाचायला शीक, ऑफिसचे कागद त्यातच येतात. नेमणुकीच्या आदेशाची झेरॉक्स घरी जपून ठेव. पेन्शनच्या वेळी तोच कागद पहिला मागतात.