एमआरआय नॉर्मल आहे, मग बाळाला फिट येते कुठून?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाळ १३ महिन्यांचं, नवव्या महिन्याच्या लसीनंतर ताप आला तेव्हा पहिली फिट, नंतर दोन बिनतापाच्या, एमआरआय नॉर्मल, दोन्हीकडच्या घराण्यात कुणालाच नाही, आणि सासूबाई म्हणतायत की पोटुशी असताना तू ग्रहणात भाजी चिरलीस. हे भाजीचं आधी निकालात काढते. काडीचाही संबंध नाही. गेल्या १४ वर्षांत मी ग्रहण, नजर, बाहेरचं, सातव्या महिन्यातला गाडीवरचा खड्डा असं सगळं आयांच्या तोंडून ऐकलंय आणि दर वेळी दोष आईचाच असतो, बापाने ग्रहणात काय केलं हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

मी डॉक्टर नाहीये. इथे पुण्यात ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) काढणारी टेक्निशियन आहे, म्हणजे डोक्याला पेस्ट लावून २१ वायरी चिकटवणारी बाई. पण रोज पोरांच्या मेंदूच्या रेघा बघते आणि आमच्या न्यूरोच्या मॅडमना प्रश्न विचारून विचारून भंडावते, त्यातून जे कळलंय ते सांगते.

एमआरआय हा फोटो आहे. त्यात ठेवण दिसते, गाठ आहे का, व्रण आहे का, जन्माच्या वेळी ऑक्सिजन किंवा साखर कमी पडल्याच्या खुणा आहेत का वगैरे. पेशी एकमेकींशी काय बोलतायत ते फोटोत कसं दिसणार? त्यात या वयात मेंदूतल्या तारांवरचं मायलिनचं वेष्टण अजून चढतच असतं, त्यामुळे मेंदूच्या सालीत एखादा छोटासा तुकडा नीट रचला गेला नसेल तर तो फोटोत लपून जाऊ शकतो, म्हणून डॉक्टर कधीकधी अडीच वर्षांच्या आसपास एमआरआय परत करायला सांगतात. तसं सांगितलं तर पहिला चुकला असं समजू नका.

आता फिट म्हणजे काय. पावसाळ्यात आपल्याकडे नदीकाठी ढोल पथकांचा सराव चालतो ना, तिथे पन्नास ढोल एका ठोक्यावर पडले की अंगावर काटा येतो. मेंदूत नेमकं हेच नको असतं. तिथे प्रत्येकाने आपापलं हळू वाजवायचं असतं, आणि हजारो पेशी एकदम एका ठोक्यावर वाजायला लागल्या की ती फिट. परवाच एक सात वर्षांची मुलगी आलेली, शाळेत बाई म्हणतात लक्ष नसतं. तिच्या हातात भिरभिरं दिलं (तीन मिनिटं जोरजोरात फुंकायला लावतो, त्याने लपलेली फिट बाहेर येते) आणि दीड मिनिटाने भिरभिरं थांबलं, डोळे उघडे, बोट काडीवर तसंच, आणि माझ्या स्क्रीनवर सगळ्या रेघा एका तालात, सेकंदाला तीन. आठ-नऊ सेकंद. मग ती परत फुंकायला लागली, तिला काही पत्ताच नाही. आई म्हणाली, अहो ही तर घरी दिवसातून वीसदा अशी बघत बसते, आम्ही मारायचो तिला.

तर हे एका ठोक्यावर येणं थांबवायला मेंदूत ब्रेकवाल्या पेशी असतात, त्या गाबा नावाचं रसायन सोडून शेजारणीला गप्प करतात. आणि इथेच लहान मुलांची खरी गोम आहे. नवजात मेंदूत पेशींच्या आत क्लोराइड जास्त असतं, ते बाहेर फेकणारा पंप अजून पुरता बसलेला नसतो, त्यामुळे गाबा आला की पेशी शांत व्हायच्या ऐवजी उलट चेतू शकते. ब्रेकच अ‍ॅक्सिलरेटर! येहेझ्केल बेन-आरी या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९८९ साली उंदरांच्या पिल्लांमध्ये दाखवलं. निसर्गाने हे उगाच केलेलं नाही, त्या चेतण्यातूनच नव्या जोडण्या बनतात. पण म्हणूनच नवजात बाळाच्या फिटला गार्डेनाल हे फिटचं जुनं औषध कधीकधी पुरं पडत नाही, कारण ते औषध गाबाच्याच वाटेने जातं. मग क्लोराइड आत येणं थांबवणारी बुमेटानाइड नावाचं लघवी वाढवणारं औषध बाळांना देऊन बघायचं ठरलं, उंदरात छान चाललेलं, बाळांत फिट थांबेनात आणि वर काहींचं ऐकू येणं गेलं, ट्रायल बंद करावी लागली. सांगायचं म्हणजे कारण कळलं म्हणून औषध लगेच मिळतंच असं नाही.

शिवाय पहिल्या काही वर्षांत जोडण्या गरजेपेक्षा जास्त असतात. बाजरी दाट पेरून नंतर विरळणी करतात तसं मेंदू पण करतो, पण विरळणी व्हायच्या आधी सगळं दाटीवाटीचं असतं, एकीला धक्का लागला की तो दहाजणींना लागतो. म्हणून ताप आला की फिट येणं हे सहा महिने ते पाच वर्षं या वयातच दिसतं, शंभरात दोन ते पाच मुलांना येते आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे काहीही होत नाही.

तुमच्या बाळाचं काय आहे ते मी सांगू शकत नाही आणि कुणी ऑनलाइन सांगत असेल तर ऐकू नका. पण "घराण्यात नाही मग आली कुठून" याचं उत्तर देता येतं. एससीएन१ए नावाचा जीन आहे, तो ब्रेकवाल्या पेशींना लागणारं सोडियमचं दार बनवतो. त्याची एक प्रत बिघडली तर ब्रेक ढिला पडतो. याला ड्रावे सिंड्रोम म्हणतात, शार्लोट ड्रावे या फ्रेंच डॉक्टरांनी १९७८ साली वर्णन केलं आणि जीन सापडला २००१ मध्ये. जन्मतः फिट का नाही येत? कारण सुरुवातीला एक दुसरंच दार काम सांभाळत असतं, काही महिन्यांनी ते कमी होतं आणि हे हाती घेतं, तेव्हा उघडं पडतं. आणि बहुतेक मुलांत हा बदल नवाच झालेला असतो, आईबापाच्या रक्तात शोधलात तर मिळत नाही.

लसीचंही याच्यातच येतं. लसीने मेंदू बिघडला असं ज्यांना सांगितलं गेलेलं अशा १४ जणांची तपासणी २००६ साली छापून आली, त्यातल्या ११ जणांत हाच जीन बिघडलेला निघाला. लसीने ताप आला, तापाने फिट पहिल्यांदा दिसली, पण ती येणारच होती. तेव्हा पुढच्या लसी डॉक्टरांना विचारून द्या, आपल्या मनाने बंद करू नका.

ड्रावेचं नाव मी मुद्दाम घेतलं कारण यात टेग्रेटॉलसारखी फिटचीच काही औषधं फिट वाढवू शकतात. घाबरून आज रात्री गोळी बंद करू नका, उलट तेच महागात पडेल, फक्त पुढच्या व्हिजिटला विचारा की जीन टेस्टची गरज आहे का. आणि फिट २०-३० मिनिटं चालली होती का, अंगाच्या एकाच बाजूला होती का, हे आठवून लिहून न्या. मालीशवाली बाई कडकडीत पाण्याने आंघोळ घालत असेल तर कोमटवर आणा, अंग तापलं की काही मुलांना येते.

एक गोष्ट सांगते, अजून डोक्यातून जात नाही. सहा महिन्यांचं बाळ आलेलं, झोपेतून उठलं की हात पुढे करून मान झुकवायचं, पाच-सहा सेकंदांनी परत, असं पंचवीस-तीस वेळा. आजी कौतुकाने म्हणायची बाळ नमस्कार करतंय. एका ठिकाणी पोटात गॅस म्हणून थेंब दिले, दोन महिने गेले त्यात. रेघा बघून मलाच घाम फुटला, ताल नाही, लय नाही, सरावाच्या पहिल्या दिवशी जो तो वाट्टेल तसा बडवतो तसं. वेस्ट सिंड्रोम, तान्ह्या बाळांतला फिटचा एक प्रकार. गंमत म्हणजे, गंमत कसली, १८४१ मध्ये वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरने स्वतःच्या मुलाचं हेच मान झुकवणं बघून लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकाला पत्र लिहिलं होतं. आता इंजेक्शन, स्टेरॉइड, व्हिगाबॅट्रिन नावाचं औषध आहे, पण लवकर सुरू झालं तर उपयोग जास्त, आणि त्या आईकडे मोबाईलमध्ये पहिल्या आठवड्यापासूनचे व्हिडिओ होते, कुणी बघितलेच नव्हते. तुम्ही व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांनी बघेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.

फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट-पाणी काही नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली की नाकातला मिडाझोलम स्प्रे (डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर) आणि लगेच हॉस्पिटल.

आणि ईईजीला याल तेव्हा आदल्या दिवशी डोकं शाम्पूने धुवा, तेलाचा थेंब नको, वायरी घसरतात आणि मग मीच चिडते. रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, येताना रिक्षात झोपू देऊ नका, दुधाची बाटली माझ्या टेबलावर आल्यावरच द्या. एक जुनं टोपडं पण घेऊन या, पेस्ट केसातून निघायला दोन आंघोळी लागतात.