'भटका' की 'फिरस्ता'?

प्रश्न असा: 'वाँडरिंग' आणि 'रॉयल' अल्बट्रॉस या दोन थोरल्या समुद्री पक्ष्यांना मराठीत काय म्हणावं? दोघांना नुसतं 'समुद्रपक्षी' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. 'समुद्रपक्षी' म्हटलं की आपला कुरवही त्यात आला. 'अल्बट्रॉस' तसाच राहू द्या, तोही काही अस्सल इंग्रजी नव्हे. पोर्तुगीज-स्पॅनिश 'अल्कात्राझ'वरून तो आला. ते नाव खरं तर पेलिकनसारख्या भलत्याच पक्ष्यांचं. सॅन फ्रान्सिस्कोचं तुरुंगवालं बेट त्याच नावाचं.

पेच विशेषणांचा आहे. 'भटका' पटकन सुचतं, पण त्यापाठोपाठ कुत्रं आठवतं. ना धनी, ना ठिकाणा. या पक्ष्याला ठिकाणा पक्का असतो. अख्खा दक्षिण महासागर पालथा घालून तो विणीला साउथ जॉर्जिया, क्रोझे अशा आपल्या बेटावर परततोच. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ साली त्याच्या नावात 'एक्झुलान्स' घातलं, म्हणजे लॅटिनमध्ये देशाबाहेर घालवलेला. आपला 'परागंदा' त्याला नेमका बसतो, पण त्याला कर्ज बुडवून पळाल्याचा वास येतो. मी 'फिरस्ता' म्हणेन.

'रॉयल'ला 'शाही' नको. शाही म्हटलं की पंगत दिसते. 'राज' आपलं घरचं आहे: राजहंस, राजमार्ग. तसा राजअल्बट्रॉस.

नावं वेगळी हवीतच, कारण पक्षी फसवे. दोन्ही पांढरेशुभ्र, पंखांचा पसारा तीन मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त. चोच पाहावी. राजच्या वरच्या चोचीच्या कडेला काजळाची बारीक रेघ ओढल्यासारखी काळी धार असते, फिरस्त्याला ती नसते. पिल्लांत तर घोळच नाही. फिरस्त्याचं पिल्लू उडायला लागतं तेव्हा चॉकलेटी, तोंड तेवढं पांढरं. मग अंग पांढरं होत जायला वर्षं लागतात. राजचं पिल्लू पहिल्या उड्डाणालाच अंगानं पांढरं.

जाता जाता लिंगाचं. मराठीत आपण 'तो अल्बट्रॉस' म्हणतो. पण न्यूझीलंडमध्ये डनेडिनजवळच्या टायारोआ हेडला एक राजअल्बट्रॉस मादी होती. १९३७ साली तिच्या पायात कडं घातलं तेव्हाच ती वयात आलेली होती, आणि १९८९ पर्यंत ती तिथं येत राहिली. लोक तिला 'ग्रँडमा' म्हणत. तिच्याबद्दल 'तो अल्बट्रॉस परतला' असं लिहायला माझा हात धजत नाही. तिथं मी सरळ 'आजी आली' लिहीन.