चोथ्याचे गोळे आणि घुशीवरचा आळ

प्रश्न : ताई, आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. अंगणातल्या पेरूला तारेने एक थाळी टांगलीय. तिच्यात सूर्यफुलाच्या बिया आणि अर्धं केळं ठेवते. दिवसा पोपट, बुलबुल, साळुंक्या येतात. पण संध्याकाळी उरलेल्या केळ्याचा गर सकाळी गायब, साल मात्र थाळीतच. बियांचीही नुसती टरफलं. शिवाय पोर्चच्या भिंतीवर पिवळट डाग पडतात आणि खाली चिकट गोळे. ह्यांच्या मते ही घूस. मुलाने अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला, तिकडे पक्ष्यांच्या दाण्यावर रात्री उडत्या खारी येतात म्हणे. सासूबाई म्हणतात, थाळीच काढून टाक. विषाची वडी ठेवू का?

उत्तर : विषाची वडी दुकानातच राहू द्या. आधी घुशीची बाजू मांडते, कारण तिच्यावर उगाच आळ आलाय. घूस अंगाने जड, बिळं करणारी. ती असती तर कंपाउंडच्या कडेला उकरलेल्या मातीचे ढीग दिसले असते. आणि तारेवरून लोंबकळत थाळीत उतरून, केळ्याचा गर खाऊन साल जागेवर ठेवण्याएवढी शिस्त तिच्यात नाही. चिरंजीवांचा व्हिडिओ खरा आहे. तिकडच्या उडत्या खारी मुठीएवढ्या असतात आणि रात्रीच्या दाण्यावर खरंच येतात. आपल्या सह्याद्रीतही उडती खार आहे, तिला पाखरू म्हणतात. पण ती मांजराएवढी, आणि उंच झाडांचं दाट जंगल सोडून शाहूपुरीत केळं खायला यायची नाही.

तुमच्या पत्रातली कामाची साक्ष भिंतीने दिलीय. त्यातला एक गोळा काडीने उकलून बघा. आत नुसता चोथा निघेल, रस पिळून घेतलेला. फळं खाणारं वटवाघूळ घास तोंडात धरतं, जिभेने टाळूवर दाबतं, रस गिळतं आणि चोथा थुंकून देतं. ते थाळीत बसून जेवत नाही. घास उचलायचा, जवळच्या आडोशाला उलटं लटकायचं आणि निवांत चघळायचं. तुमचा पोर्च हा त्याचा आडोसा आहे. तुमच्या गल्लीत कुंपणाला ते सरळसोट खोटे अशोक लावलेले असतील, तर दिवसा त्यांच्या खालीही बघा. आखूड नाकाच्या वटवाघळाचा नर त्या झाडातल्या काड्या-डहाळ्या कुरतडून तंबू करतो, आणि त्यात माद्याही राहायला येतात.

मी हे शहाणपणाने सांगतेय, पण मी स्वतः चार वर्षांपूर्वी शेजारच्या बोक्यावर आळ घेतला होता. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला माझं घर, परसात चिकू. रोज सकाळी फरशीवर घाण. शेजारणीशी दोन दिवस अबोला झाला, एवढंच सांगते. मग टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून पायरीवर बसले. साडेसात वाजले असतील. फडफड अशी नाहीच, ओली छत्री झटकावी तसा एकच आवाज, आणि चिकूची फांदी हलली. मुठीएवढं अंग, कुत्र्याच्या पिल्लासारखं तोंड, मोठे डोळे, आणि कानांना खडूने रेघ ओढावी तशी पांढरट कड. पोटाला काहीतरी चिकटलेलं दिसलं. टॉर्च जरा वर केला तर पिल्लू! दुसऱ्या दिवशी मी बोक्याच्या मालकिणीकडे चिकूची पिशवी घेऊन गेले.

आता बिया. त्या वटवाघूळ खात नाही, म्हणजे तुमच्याकडे पाहुणे दोन आहेत. टरफलं हातावर घ्या. पोपटाने फोडलेलं टरफल सरळ उभं दुभंगतं. कडेला बारीक दातांची कातर दिसली, तर तो उंदीर. घरातलाच उंदीर असेल असं नाही. माझ्या पेरूवर मला एकदा बोटाएवढा तांबूस उंदीर दिसला, शेपटी अंगाहून लांब. पायाच्या कडेच्या बोटांना नख्या नव्हेत, आपल्यासारखी चपटी नखं, त्यामुळे तो बारीक डहाळी चिमटीत धरतो. हा झाडावरच राहणारा उंदीर. तो तारेवरून उतरला तर मला नवल वाटणार नाही.

सासूबाईंचं म्हणणं मात्र सगळंच उडवून लावू नका. दाणा रात्री खाली सांडला की खरेखुरे घरउंदीर येतात, त्यांच्यामागे धामण येते आणि कधी नागही. पावसाळ्यात उंदराच्या मुताने लेप्टो नावाचा ताप होतो. म्हणून दिवसभरात संपेल एवढंच घाला, दिवेलागणीला थाळी आत घ्या, गरम पाण्याने धुवा, खालचा सडा झाडून घ्या. विष घातलंत तर तो अर्धमेला उंदीर गव्हाणी घुबड उचलतं आणि तेही जातं.

आणि जो प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण कोणी तरी विचारेलच, तो निपाहचा, म्हणजे वटवाघळांकडून माणसात येऊ शकणाऱ्या विषाणूचा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुशास्त्र संस्थेला महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत त्याच्या खुणा सापडल्या, अशी बातमी 2021 साली आली, तेव्हा आपल्या जिल्ह्यात लोकांनी झाडं तोडायची भाषा केली होती. ती गुहेत राहणारी जात वेगळी. तरी सावधगिरी घ्यावी : दात लागलेला पेरू मुलांना देऊ नका, गोळे उघड्या हाताने उचलू नका, खाली पडलेल्या वटवाघळाला तर अजिबात हात लावू नका. भिंत ओल्या फडक्याने पुसून काढा, कोरडं खरवडू नका. केळं फक्त सकाळी ठेवलंत की आठवडाभरात पोर्च आपोआप रिकामा होईल. वटवाघूळ पेरूवर येईलच, तेवढं येऊ द्या.

प्रश्न : सांगलीत आमच्या चिमण्यांच्या थाळीखाली रात्री चिचुंद्र्या फिरतात. एकीच्या मागे तर माळच होती. विषारी असतात का?

उत्तर : माळ नव्हे, तिची पिल्लं. पहिलं पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी दाताने धरतं, दुसरं पहिल्याचं, आणि अशी सगळी आगगाडी भिंतीच्या कडेने जाते. हे बघायला मिळालं म्हणजे नशीबवान आहात. चिचुंद्री उंदराच्या जातीची नाहीच. ती येते झुरळांसाठी आणि दाण्याभोवती जमलेल्या किड्यांसाठी. विषाची भीती सोडा. वास येतो हे खरं, तो सोसा. झाडू ठेवून द्या, आणि घरात नको असेल तर मोरीच्या तोंडाला जाळी बसवा.